फळीवरची ताकद

शिकागोत अंतर सांगायला नकाशा उघडावा लागत नाही. घरांचे आठशे क्रमांक म्हणजे एक मैल, असा त्या शहराचा जुना हिशेब आहे. डेव्हन ॲव्हेन्यू हा पूर्व-पश्चिम रस्ता या हिशेबात उत्तर ६४०० वर येतो. तिथून दक्षिणेला साडेतीन मैलांवर, ३६०० वर, रिग्ली फील्ड हे बेसबॉलचं नामांकित मैदान आहे. उत्तरेला दीड मैलावर, ७६०० वर, शहराची हद्द संपते आणि एव्हन्स्टन सुरू होतं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आणि त्याचा फुटबॉल संघ तिथला. मध्ये ही बाजारपेठ. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर भारतीय माणसं अमेरिकेत मोठ्या संख्येनं येऊ लागली, १९७४ साली पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान डेव्हनवर निघालं, आणि शिकागो परिसरातल्या मराठी घरांचा पोहे-साबुदाण्याचा प्रश्न सुटला. रस्त्याच्या एका तुकड्याला गांधींचं मानद नाव, दुसऱ्याला जिनांचं, तिसऱ्याला गोल्डा मेयर यांचं. एवढी ऐसपैस सहिष्णुता फक्त बाजारालाच परवडते. इथल्या किराणा दुकानात डाळी-मसाल्यांपलीकडे एक फळी असते ती ताकदीची. च्यवनप्राश, अश्वगंधा, शिलाजित, नाना तऱ्हेच्या वट्या आणि चूर्णं. या दुकानांनी कुणा खेळाडूला काही वावगं विकलं, असं इथे मुळीच म्हणायचं नाही. पण खेळातल्या उत्तेजकांचा इतिहास सांगताना मैदानाकडे तोंड आणि फळीकडे पाठ करून बसण्याची जी रीत पडली आहे, ती चुकीची आहे. हा इतिहास आपण मोहाला बळी पडलेल्या खेळाडूंच्या नावांची माळ म्हणून ऐकतो. पुरावे पाहिले तर तो आधी एका धंद्याचा इतिहास दिसतो: ताकद बाटलीत भरून विकण्याच्या धंद्याचा. जवळजवळ प्रत्येक द्रव्य आधी औषध किंवा टॉनिक म्हणून दुकानात आलं, मग मैदानात शिरलं; बंदी मैदानावर आली आणि दुकानाला हात लावायला कायद्याला पुढे कित्येक वर्षं लागली.

सुरुवात शिकागोच्या हातून निसटलेल्या ऑलिंपिकपासून करता येते. १९०४ चे सामने आधी शिकागोला दिले होते. जागतिक प्रदर्शनाच्या जोरावर सेंट लुईसने ते पळवले. ३० ऑगस्टला तिथे मॅरेथॉन झाली. उष्मा ३२ अंशांच्या घरात, रस्ता धुळीचा, आणि संयोजकांनी वाटेत पाणी जवळजवळ मिळूच दिलं नाही, कारण तहानेचा शरीरावर काय परिणाम होतो हे त्यांना पाहायचं होतं. धावायला ३२ जण उभे राहिले, पोचले १४. पहिला आलेला फ्रेड लोर्झ निम्मी वाट मोटारीतून आला होता, हे लगेच उघडकीला आलं आणि त्याच्यावर बंदी घातली गेली. विजेता ठरला टॉमस हिक्स. त्याच्या मदतनिसांनी त्याला वाटेत अंड्याच्या पांढऱ्या बलकातून एक साठांश ग्रेन स्ट्रिकनीन पाजलं, पुढे पुन्हा एकदा दिलं, वर ब्रँडीही दिली. हिक्स अर्धवट भ्रमात, दोन्ही बाजूंनी आधार घेत शेवटच्या टप्प्यात आला. हे सगळं कुणी चोरून पाहिलेलं नाही. त्याच्याबरोबर मोटारीतून चाललेल्या चार्ल्स लुकस यांनी पुढच्याच वर्षी पुस्तकात ते छापलं, आणि लांबच्या शर्यतीत अशी औषधं धावपटूला फार उपयोगी पडतात हे यातून सिद्ध झालं, असा अभिप्रायही दिला. एकाच शर्यतीत मोटार ही लबाडी ठरली आणि स्ट्रिकनीन ही शुश्रूषा. त्या काळच्या माणसाला यात काही विसंगत वाटलं नाही, आणि का वाटलं नाही हा खरा प्रश्न आहे.

कारण स्ट्रिकनीन तेव्हा औषधाच्या दुकानात टॉनिक म्हणून मिळत होतं. पेलतिए आणि काव्हांतू या दोघा फ्रेंच रसायनज्ञांनी १८१८ साली ते ज्या वर्गातल्या झाडांच्या बियांतून वेगळं काढलं, त्यातलं एक झाड कोकणातल्या माणसाला चांगलं ठाऊक आहे. काजरा. संस्कृतात कारस्कर, वैद्यांच्या भाषेत कुचला किंवा विषमुष्टी. नारिंगी फळ, आत बटणासारख्या चपट्या, चकचकीत, जिभेवर ठेवू नयेत इतक्या कडू बिया. या बिया हिंदुस्थानच्या बंदरांतून युरोपात जात. तिथे त्यांचा अर्क भूक लागावी, अंगात तरतरी यावी म्हणून थेंबाथेंबानं दिला जाई, आणि मात्रा वाढवून उंदीर मारायलाही वापरला जाई. आपल्याकडे वैद्य कुचला शुद्ध केल्याशिवाय वापरत नसत. दुधात किंवा गोमूत्रात स्वेदन, साल आणि आतला अंकुर काढणं, तुपावर परतणं, असे सोपस्कार होत आणि मग गुंजेच्या हिशेबानं मात्रा ठरे. म्हणजे ऑलिंपिकमधलं नोंद झालेलं पहिलं उत्तेजक हे आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याशी उगवणाऱ्या झाडाच्या कुळातलं होतं. ‘नैसर्गिक आहे, आपलं आहे, मग त्यात कसलं डोपिंग’ असं म्हणणाऱ्यांनी काजऱ्याला विसरू नये. मुद्दा पुन्हा येणारच आहे.

हिक्सनं नियम मोडला नाही, कारण नियमच नव्हता. मैदानी खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं उत्तेजकांना मनाई केली ती १९२८ साली, आणि तपासणीचं साधन नसल्यानं ती कागदावर राहिली. ऑलिंपिक समितीचा पहिला ठराव १९३८ चा, कैरोच्या बैठकीतला. त्यामागचा माणूस पुन्हा शिकागोचाच. ॲव्हरी ब्रंडेज हे तिथले बांधकाम कंत्राटदार, स्वतः १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये उतरलेले, पुढे १९५२ ते १९७२ अशी वीस वर्षं ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष. उत्तेजकं देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला खेळाबाहेर काढावं, असं त्यांच्या त्या काळच्या टिपणांत आहे. पण तो ठराव कुठे बसवला गेला ते पाहण्यासारखं आहे: हौशी खेळाडू कोणाला म्हणावं, या नियमांच्या प्रकरणात. खेळातून पैसा मिळवणं आणि खेळासाठी औषध घेणं ही दोन्ही पापं एकाच पंगतीला बसवलेली होती. आरोग्याची काळजी नंतर आली. मूळ चीड होती ती बाजाराची. खेळ हा सद्गृहस्थांचा, तो धंदेवाइकांनी बाटवू नये अशी. ब्रंडेज यांची ही चीड ढोंगी होती असं वाटत नाही, पण आंधळी मात्र होती. त्यांनी बाजाराला खेळाच्या दारात अडवायचं ठरवलं, आणि बाजार स्वतः काय विकतो आहे याकडे पाहिलंच नाही. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं खेळाचे नियम याच आंधळेपणात वाढले.

मधला काळ बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे तो भरभर सांगितला तरी चालेल. १९३० च्या दशकात ॲम्फेटामाइन अमेरिकेत आलं ते बेन्झेड्रिन या नावानं, चोंदलेलं नाक मोकळं करायच्या नळीतून, चिठ्ठीशिवाय. महायुद्धात ते सैनिकांना मिळालं, युद्धानंतर सायकलपटूंना. १९६७ च्या टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या चढावर टॉम सिम्पसन कोसळून मेला तेव्हा त्याच्या शरीरात ॲम्फेटामाइन आणि मद्य दोन्ही सापडलं. १९५८ साली सीबा कंपनीनं मेथँडिएनोन हे स्टेरॉइड डायनाबॉल या नावानं बाजारात आणलं, अशक्त रुग्णांसाठी. वर्षा-दोन वर्षांत पेनसिल्व्हेनियातले वजन उचलणारे ते गिळत होते. ऑलिंपिकमध्ये तपासणी सुरू झाली १९६८ साली, आणि पहिला बाद झालेला खेळाडू निघाला नेम धरण्यापूर्वी बिअर प्यायलेला एक स्वीडिश. हसू येतं खरं. पण क्रम तोच राहतो: नाकाची नळी, अशक्ताची गोळी, आणि मग पदक.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. पूर्व जर्मनीचं काय? तिथे ना दुकान, ना धंदा. सरकारनंच योजना आखली, १९७४ पासून तिला शिस्तबद्ध रूप आलं, आणि येनाफार्म या सरकारी कारखान्याच्या निळ्या गोळ्या कोवळ्या मुलींना जीवनसत्त्व म्हणून चारल्या गेल्या. उत्तेजकं हा बाजाराचा रोग असेल तर बाजार नसलेल्या देशात तो सगळ्यांत भयंकर का व्हावा? आक्षेप खरा आहे, आणि निव्वळ ‘नफ्यामुळे सगळं घडतं’ असं म्हणणाऱ्याला त्याचं उत्तर देता येणार नाही. राष्ट्राची प्रतिष्ठा हाही एक नफाच, असं म्हणून सुटका करून घेणं म्हणजे शब्दांचा खेळ. पण त्या कहाणीचा पुढचा अध्याय सहसा सांगितला जात नाही. बर्लिनची भिंत पडली, आणि पूर्व जर्मनांनी वापरलेलं ॲन्ड्रोस्टेनडायोन हे हार्मोन १९९६ साली अमेरिकेच्या दुकानांत बाटलीत भरून विकायला आलं. जर्मन पेटंटांतून ते शोधून बाजारात आणणारा पॅट्रिक आर्नल्ड हा रसायनज्ञ इलिनॉय राज्यातलाच, शिकागोच्या दक्षिणेला शँपेनच्या परिसरात काम करणारा. जे हुकूमशाहीत गुपित होतं ते लोकशाहीत आहारपूरक झालं. १९९८ च्या उन्हाळ्यात शिकागो कब्जचा सॅमी सोसा आणि सेंट लुईसचा मार्क मग्वायर यांच्यात होमरनची चुरस रंगली, ६६ विरुद्ध ७० अशी संपली, आणि त्या हंगामात एका वार्ताहराला मग्वायरच्या खणात हीच बाटली दिसली. त्यात बेकायदा काहीच नव्हतं. ती कोणालाही दुकानात मिळत होती, आणि ती छापून आल्यावर खप वाढला. मग्वायरनं स्टेरॉइड घेतल्याची कबुली २०१० साली दिली. सोसा २००३ च्या गुप्त चाचणीत दोषी आढळल्याचं वृत्त न्यूयॉर्क टाइम्सनं २००९ साली दिलं. ॲन्ड्रोवर सरकारी टाच आली ती २००४ साली. तोवर आर्नल्डनं प्रयोगशाळांना दिसूच नये असं टीएचजी हे नवं स्टेरॉइड बनवलं होतं, जे खेळाडूंना उत्तेजकं पुरवणाऱ्या बॅल्को कंपनीच्या प्रकरणात गाजलं; २००६ साली त्यानं गुन्हा कबूल केला.

ही बाटली कायदेशीर कशी होती, याचं उत्तर २५ ऑक्टोबर १९९४ ला सही झालेल्या एका कायद्यात आहे. आहारपूरक पदार्थांच्या या कायद्यानं जीवनसत्त्वं, वनस्पती आणि त्यांचे अर्क यांना औषधांपासून वेगळं करून अन्नाच्या बाजूला बसवलं. औषध बनवणाऱ्याला ते निर्धोक आणि गुणकारी असल्याचं आधी सिद्ध करावं लागतं. पूरक बनवणाऱ्याला ते करावं लागत नाही. पदार्थ घातक असल्याचं सिद्ध करण्याचा भार सरकारी अन्न व औषध प्रशासनावर, आणि तोही माल बाजारात गेल्यावर. डेव्हनवरची ताकदीची फळी याच कायद्याच्या छत्राखाली उभी आहे. अमेरिकेत आयुर्वेदिक औषध असा कायदेशीर वर्गच नाही. पुण्या-मुंबईत जी वटी वैद्याच्या दुकानात औषध म्हणून परवान्यानं विकली जाते, तीच अटलांटिक ओलांडली की आहारपूरक होते, रोग बरा करण्याचा शब्द काढता येत नाही, पण प्रश्नही कोणी विचारत नाही. दुसऱ्या टोकाला, त्याच कायद्याच्या त्याच कलमांखाली, व्यायामशाळांच्या कोपऱ्यावरच्या दुकानांत स्नायू फुगवणारे डबे रचले गेले. आजीचा च्यवनप्राश आणि ॲन्ड्रोची बाटली एका कायदेशीर घरात राहायला गेली. ऑलिंपिक समितीच्या पैशानं कोलोनच्या प्रयोगशाळेनं २०००-०१ मध्ये १३ देशांतले ६३४ पूरक पदार्थ तपासले. ९४ पदार्थांत, म्हणजे जवळपास १५ टक्क्यांत, लेबलावर न छापलेली हार्मोनजन्य द्रव्यं निघाली. खेळाडूनं जाणून घेतलं की अजाणता, हा वाद त्यानंतर पूर्वीइतका सोपा राहिला नाही.

या कायद्याची परीक्षा डेव्हनच्या शेजारीच झाली, एका वनस्पतीवरून. इफेड्रा ही कोरड्या डोंगराळ मुलखातली, पानं जवळजवळ नसलेली झुडपी वनस्पती. चीनमध्ये ती मा हुआंग. आपल्याकडे काही ग्रंथांत आणि बाजारात ती सोमलता. वेदांतला सोम तो हाच, असं म्हणणारे विद्वान आहेत आणि ते खोडून काढणारेही. पारशांच्या विधीत लागणाऱ्या होमाच्या काड्या मात्र इफेड्राच्याच. नागाई या जपानी रसायनज्ञानं १८८५ साली तिच्यातून इफेड्रीन काढलं, १९२४ नंतर ते पाश्चात्त्य वैद्यकात दम्यावर रूढ झालं, कलकत्त्याला रामनाथ चोप्रांनी हिमालयातल्या आणि बलुचिस्तानातल्या जातींवर संशोधन केलं. इथवर ही औषधाची सरळ गोष्ट आहे. १९९४ नंतर तोच अर्क कॅफीनबरोबर मिसळून वजन उतरवण्यासाठी आणि सरावाआधी जोर येण्यासाठी विकला जाऊ लागला. ३ ऑगस्ट २००१ ला एव्हन्स्टनमध्ये नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉल संघाचा सराव चालू होता: १००, ८०, ६० आणि ४० यार्डांच्या मिळून २८ धावा, एकामागून एक. रशिदी व्हीलर हा दम्याचा त्रास असलेला खेळाडू त्या सरावात कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात इफेड्रीन सापडलं. शवचिकित्सकानं मृत्यूचं कारण दमा असं दिलं. विद्यापीठानं इफेड्राकडे बोट दाखवलं, कुटुंबानं सरावाकडे आणि मदतीतल्या हयगयीकडे. २००५ साली १ कोटी ६० लाख डॉलरला तडजोड झाली. कोणी मारलं, याचा निकाल त्यातून लागत नाही, आणि तो लावण्याचा आव आणू नये. महाविद्यालयीन खेळांच्या नियमांत इफेड्रीनला आधीच मनाई होती. मैदानाबाहेर पाऊल टाकलं की ते रीतसर विकत मिळत होतं. त्या तरुणाच्या बाबतीत नियम आणि कायदा यांच्यात असलेलं अंतर फाटकाच्या रुंदीइतकं होतं.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर २००२ मध्ये, इलिनॉयच्याच लिंकन गावचा १६ वर्षांचा एक शाळकरी फुटबॉलपटू इफेड्रा घेतल्यानंतर हृदयविकारानं गेला. त्याच्या पालकांनी राज्यभर पाठपुरावा केला. फेब्रुवारी २००३ मध्ये बाल्टिमोरच्या बेसबॉल संघाचा २३ वर्षांचा गोलंदाज स्टीव्ह बेक्लर सरावात उष्माघातानं मेला आणि इफेड्राचं नाव देशभर झालं. मे २००३ मध्ये इलिनॉयनं इफेड्राच्या पूरकांवर बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. १२ एप्रिल २००४ पासून देशभर बंदी लागू झाली. त्या १९९४ च्या कायद्याखाली सरकारनं बंदी घातलेला हा पहिला पदार्थ, आणि त्यासाठी दहा वर्षं लागली. मला हा क्षण उत्तेजकांच्या इतिहासात धावपटू बेन जॉन्सनचं ऑलिंपिक पदक स्टेरॉइडमुळे काढून घेतलं गेलं त्या क्षणापेक्षा मोठा वाटतो. १९८८ च्या सोलमध्ये एक माणूस शिक्षा भोगून गेला आणि फळी होती तशीच राहिली. २००३ च्या इलिनॉयमध्ये पहिल्यांदाच मैदानावरचे मृत्यू मोजून फळीवरची वस्तू उतरवली गेली. देशव्यापी नियमानं एक वाट मात्र मोकळी ठेवली: परंपरागत आशियाई वैद्यकाचे जाणकार रुग्णाला हाती देतील ती मा हुआंग या बंदीत येत नाही. वरवर ही पळवाट दिसते. मला ती नियमातली सर्वांत शहाणी ओळ वाटते. घातक काय होतं, तर झुडूप नव्हे. मधला जाणकार काढून टाकून झालेली विक्री.

यावर स्वातंत्र्याचा आक्षेप घेतला जातो, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आपल्या शरीराचं काय करायचं हे सज्ञान माणसानं ठरवावं, सरकारनं जीवनसत्त्वाच्या गोळीवरही चिठ्ठी मागू नये, या भावनेनं लाखो अमेरिकनांनी १९९४ च्या कायद्याची बाजू घेतली होती. परदेशात आलेल्या आपल्या लोकांना तर त्याचा थेट फायदा झाला. तो कायदा नसता तर डेव्हनवर त्रिफळ्याची डबीही कटकटीची झाली असती. पण या युक्तिवादात ग्राहकाला काय विकत घेतो आहे ते कळतं, असं गृहीत धरलेलं आहे. कोलोनच्या तपासणीनं ते गृहीतक मोडलं. लेबल खोटं असेल तिथे निवडीचं स्वातंत्र्य हा दुकानदाराच्या सोयीचा शब्द उरतो. आणि खेळाडूला तर हे स्वातंत्र्य कधी नव्हतंच. त्याच्या शरीरात जे सापडेल त्याला तोच जबाबदार, हेतू असो वा नसो, हा जागतिक नियम आहे. दुकानाला सगळी मोकळीक आणि गिऱ्हाइकाला सगळी जबाबदारी, असा हा सौदा.

हा नियम अन्यायकारक आहे का? रिक डेमाँट या १६ वर्षांच्या जलतरणपटूनं १९७२ च्या म्युनिकमध्ये ४०० मीटरचं सुवर्णपदक गमावलं ते दम्याच्या गोळीतल्या इफेड्रीनमुळे. गोळीचं नाव त्यानं अर्जात लिहिलं होतं, संघाच्या डॉक्टरांनी ते पुढे कळवलं नाही. विरार-मुंबईच्या पृथ्वी शॉवर २०१९ साली आठ महिन्यांची बंदी आली. खोकल्याच्या औषधातून टर्ब्युटालिन अजाणता पोटात गेलं, हा त्याचा खुलासा क्रिकेट मंडळानं मानला. २०११ मध्ये भारताच्या महिला रिले संघातल्या धावपटू स्टेरॉइडच्या चाचणीत सापडल्या तेव्हा त्यांनी प्रशिक्षकानं चीनहून आणलेल्या जिनसेंगकडे बोट दाखवलं. आधी एक वर्षाची बंदी झाली, क्रीडा लवादानं ती दोन वर्षं केली. या सगळ्यांची सरसकट कणव करायला मात्र नरसिंग यादवचं प्रकरण आडवं येतं. लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी, राज्याच्या पोलीस दलात अधिकारी, २०१५ च्या जागतिक स्पर्धेतल्या कांस्यपदकामुळे भारताला रिओची जागा मिळवून देणारा मल्ल. २०१६ च्या उन्हाळ्यात त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन निघालं, तीच सीबाची १९५८ ची गोळी. अन्नात कोणीतरी कालवलं, हे त्याचं म्हणणं भारतातल्या समितीनं मानलं आणि १ ऑगस्टला त्याला सोडलं. १८ ऑगस्टला, लढतीच्या आदल्या दिवशी, रिओत क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. हे द्रव्य गोळीच्या रूपात, एकापेक्षा जास्त वेळा, जाणूनबुजून पोटात गेलं असण्याचीच शक्यता लवादाला अधिक वाटली. महाराष्ट्रातली मनं अजून यावर दुभंगलेली आहेत. पण प्रत्येकाला ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणायची मुभा दिली तर कोणताही निकाल टिकणार नाही, एवढं त्यातून दिसतं. कठोर नियम हवाच. चूक आहे ती कठोरपणा एकाच टोकाला ठेवण्याची. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकड्यांत भारताचे ५,६०६ नमुने तपासले गेले आणि २१३ दोषी निघाले, ३.८ टक्के. एवढ्या लोकांचं मन अचानक बिघडलं म्हणण्यापेक्षा त्यांच्या गावातल्या व्यायामशाळेशेजारी काय विकलं जातं, हे पाहणं जास्त फलदायी ठरेल.

उरला परंपरेचा आक्षेप. कोल्हापूरच्या तालमीतला खुराक, बदामाची थंडाई, तूप, दूध, हेही ताकद वाढवण्यासाठीच ना? मग फरक कुठे? फरक वनस्पती आणि रसायन असा काढता येत नाही, हे काजऱ्यानं आणि सोमलतेनं दाखवलं आहे. जुनं आणि नवं असाही नाही. खुराकाला वस्ताद होता. बदाम किती, कोणत्या जोरांवर, कोणत्या ऋतूत, हे तो ठरवी आणि न पचलेलं दुसऱ्या दिवशी आखाड्यात दिसे. कुचल्याला वैद्य होता. वस्तादही चुकत आणि वैद्यही. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण देणाऱ्याचा चेहरा घेणाऱ्याला माहीत होता, आणि चूक झाली तर गावात तोंड दाखवायची चोरी होती. बाटलीबंद अर्काला ना वस्ताद आहे ना वैद्य. स्ट्रिकनीन आजही जागतिक मनाई यादीत आहे, १९०४ नंतर सव्वाशे वर्षं होत आली तरी. आणि कुचला आजही अग्नितुंडी वटीत आहे, विषतिंदुक वटीत आहे, दोन्ही शास्त्रोक्त, दोन्ही सहज मिळणाऱ्या. भारतीय औषध नियमांत विषारी द्रव्यांची एक अनुसूची आहे, तीत कुचला विषमुष्टी या नावानं नोंदलेला आहे, आणि असं द्रव्य असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं ही सूचना इंग्रजीत आणि हिंदीत छापण्याची सक्ती आहे. खेळाडूबद्दल त्या नियमात एक अक्षरही नाही.